शिंप्याच्या माडीवरचा कोड

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही, ते आपसूक साठतात. आमच्या कंपूत कोण काय शिकलं, असं विचारलंत तर आम्ही सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसू. पण कोणाची, कधी, कशी फजिती झाली, ते विचारा! त्या दिवशी कोणी कुठल्या रंगाचा शर्ट घातला होता, इथपर्यंत पाठ आहे सगळ्यांना. आणि चार प्रोग्रामर एका खोलीत बसले की फजितीला काय तोटा!

कंपू म्हणजे आम्ही चौघं. मी पेडण्याच्या बाजारात अनंतबाब शिंप्यांच्या दुकानाच्या माडीवर कॉम्प्युटरचा क्लास चालवते. त्यामुळे सगळा गाव मला टीचर म्हणतो. नवरा रागावला की तोही म्हणतो. दुसरे विनायकबाब, डिचोलीचे, जन्मभर खाणीच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करून निवृत्त झालेले. तिसरा सर्वेश, मोरजीचा, सत्तावीस वर्षांचा, बंगळुरूच्या कंपनीचं काम घरी बसून करतो आणि ते दर दहा मिनिटांनी सांगतो. चौथा मारुती चौगुले, गडहिंग्लजकडचा, तुयेच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये पॅकिंग मशीनवर ऑपरेटर.

दर रविवारी सकाळी दहा ते एक आम्ही कोडी सोडवतो. शब्दकोडी नव्हेत, प्रोग्रामिंगची. इंटरनेटवर कोडं येतं, त्याचं उत्तर काढणारा प्रोग्राम लिहायचा. उत्तर बरोबर यायला हवं, आणि ठरलेल्या वेळात यायला हवं. बरोबर आहे पण हळू आहे, तर नापास! मी इतकी वर्षं पेपर तपासते, पण इतकी कडक मास्तरीण मीसुद्धा नाही.

* * *

मारुती पहिल्यांदा आला तो दारातच उभा राहिला. चपला हातात.

"टीचर, कोडिंगमधलं अडलेलं सांगता का? पण रविवारीच. बाकी दिवस ड्युटी असती."

फोनवर व्हिडिओ बघून बघून तो बरंच शिकला होता. पणजीतली एक कंपनी डिग्री न विचारता प्रोग्रामरची नोकरी देत होती. परीक्षा एकच. पाच कोडी, दीड तास, त्यातली चार सुटायला हवीत. संधी तीन. त्यातली एक मारुतीनं आधीच घालवली होती.

"एवढी घाई कशाला?" मी विचारलं. "आधी नीट शीक, मग दे परीक्षा."

"बायको-पोरगी गावाकडं हायत," तो म्हणाला. "मी हितं चौघांत एका खोलीत. ही नोकरी लागली तर खोली घेतो आणि दोघींनाबी आणतो. पोरगी जूनमध्ये पहिलीला जाती. ती हितल्या शाळंत जावी, एवढंच हाय बगा. आता फोनवर बोल म्हटलं की आईच्या पदरामागं लपती. मी म्हंजे पाव्हणाच झालोय तिला."

मला गलबलून आलं. आणि मला गलबलून आलं की मी ओरडते.

"मग उभा काय राहिलायस? आत ये, कॉम्प्युटर उघड!"

तेव्हापासून आमच्या रविवारांना कामच मिळालं. मारुतीला चार कोडी सोडवता यायला हवीत. तीही जूनच्या आत!

* * *

पहिल्याच रविवारी मदतीचा पूर आला.

मारुतीनं वीस ओळींचा प्रोग्राम लिहिला होता. उत्तर चुकत होतं. त्यानं एवढंच विचारलं, "हितं काय चुकलंय?" झालं! विनायकबाबांनी हात घालून चार ओळी पुसल्या. सर्वेशनं कीबोर्ड ओढला आणि बारा ओळी घातल्या. मला राहवलं नाही, मी दोघांनाही बाजूला सारलं. मारुती मागे सरकत सरकत भिंतीला टेकला.

तासाभरानं प्रोग्राम नव्वद ओळींचा झाला. विनायकबाब जुन्या काळातले, ते प्रत्येक गोष्टीला एकच अक्षर नाव देतात. सर्वेश एका नावात अख्खं वाक्य कोंबतो. मी मराठी नावं देते. तीन सुनांनी मिळून केलेल्या स्वयंपाकासारखा तो प्रोग्राम आम्ही चालवला. उत्तर आलं. तेच चुकीचं!

मारुती भिंतीपासूनच नम्रपणे म्हणाला, "माझं जे वीस ओळींत चुकलंतं, ते तुमी तिघांनी नव्वद ओळींत चुकवलासा की!"

त्या दिवशी नियम झाला. मदत करणाऱ्यानं दुसऱ्याच्या कीबोर्डला हात लावायचा नाही. आणि लागू नये म्हणून मदत करताना चहाचा भरलेला ग्लास दोन्ही हातांत धरायचा. तोंडानं काय सांगायचं ते सांगा. जो हात सोडील, त्यानं पुढच्या रविवारी सगळ्यांना पातळभाजी-पाव आणायचे.

लागोपाठ चार रविवार सर्वेशचे पाव खाल्ले आम्ही. पाचव्या रविवारी त्यानं ग्लास धरूनच कोपरानं एंटर दाबला. नियमात कोपर नव्हतं. आता आहे.

* * *

मारुतीची दुसरी संधीही गेली. तीन कोडी सुटली. चौथ्याचं उत्तर बरोबर होतं, पण वेळ संपली.

रविवारी आम्ही तेच कोडं घेऊन बसलो. अमुक इतक्या पायऱ्यांचा जिना आहे. एका वेळी एक पायरी चढा नाहीतर दोन. तर वर पोचायचे एकूण प्रकार किती? मारुतीचा प्रोग्राम वीस पायऱ्या टुणकन चढायचा. पन्नास पायऱ्यांवर जो बसायचा, तो बसायचाच. सर्वेश आणि विनायकबाब हातात ग्लास धरून भांडत होते. एकच संधी उरली होती आणि मारुतीचा चेहरा बघवत नव्हता.

तेवढ्यात खालून अनंतबाब रिकामे ग्लास न्यायला वर आले. गळ्यात मापाची टेप.

"कितां झालां रे? कोण मेलो काय?"

मारुतीनं त्यांना सगळं समजावून सांगितलं. पन्नासाव्या पायरीसाठी एकोणपन्नासावी आणि अठ्ठेचाळिसावी काढायची, एकोणपन्नासावीसाठी परत अठ्ठेचाळिसावी काढायची, मग तिच्यासाठी परत खालच्या दोन...

"राव रे, राव," अनंतबाबांनी त्याला हातानं थांबवलं. "अठ्ठेचाळिसावी तू एकदां काढलंस मरे? मगे परत कित्याक काढतंस? हेडमास्तर पँट शिवूक येता, तेन्ना मी दर खेपेक ताची कंबर मापतंय? माझ्याकडे वही आसा. एकदां मापली, लिवन ठेवली, सोपला!"

मारुतीनं प्रोग्रामात दोन ओळी घातल्या. काढलेलं उत्तर लिहून ठेवायचं, परत लागलं तर तिथून उचलायचं. एंटर दाबला. पन्नास पायऱ्या डोळ्याचं पातं लवायच्या आत!

सर्वेश म्हणाला, "हें माका बी येतालां."

पण खरी गंमत पुढच्याच रविवारी झाली. खाली दुकानात मोठमोठ्यानं बोलणं चाललेलं. आम्ही जिन्यातून वाकून बघितलं. हेडमास्तर नवी पँट घालून उभे होते आणि पँटचं बटण काजापासून चांगलं चार बोटं लांब होतं! अनंतबाबांनी पाच वर्षांपूर्वीचं माप बघून शिवली होती.

"वहीत चौतीस आसा," अनंतबाब शांतपणे म्हणाले. "वही खोटां उलयना. तुमीच वाडलात!"

विनायकबाबांनी वर येऊन फळ्यावर लिहिलं, 'साठवलेलं माप कधी पुसायचं?' त्या विषयावर आम्ही पुढचे दोन रविवार घालवले. अजूनही कोणाच्या प्रोग्राममध्ये शिळं उत्तर सापडलं की आम्ही एवढंच म्हणतो, "हेडमास्तर आले!"

* * *

विनायकबाबांचा वेगावर विश्वासच नाही. त्याला कारण आहे.

ते खाणीच्या काट्यावर होते, म्हणजे जिथं मालाच्या ट्रकांचं वजन होतं तिथं. वजनाचा प्रोग्राम त्यांनीच लिहिलेला. एके वर्षी नवा कॉम्प्युटर आला आणि ट्रक काट्यावर थांबतो न थांबतो तोच पडद्यावर वजन दिसायला लागलं. विनायकबाब खूष. आणि आठवड्यात ड्रायव्हरांनी भांडण काढलं!

"इतक्या बेगीन वजन कसा झाला? तुमी अदमासान घालतात!"

समजावून झालं, शपथा घालून झाल्या. कोणी ऐकेना. शेवटी विनायकबाबांनी प्रोग्राममध्ये चार सेकंद थांबणं घातलं. पडद्यावर नुसतं 'वजन चालू आहे' आणि पुढे एकेक टिंब. चार टिंबं झाली की वजन. दुसऱ्या दिवशी एक म्हातारा ड्रायव्हर खिडकीत येऊन सांगून गेला, "आतां बरी मशीन हाडली बघ तुमी!"

हे ऐकल्यापासून सर्वेशला अन्न गोड लागेना. चार सेकंद! फुकट! तोच प्रोग्राम विनायकबाबांनी पुढे एका चिरेखाणीवाल्याला दिला होता. सर्वेशनं मागे लागून त्यातले ते चार सेकंद काढून टाकले आणि आम्हांला छाती फुगवून सांगितलं. तिसऱ्या दिवशी चिरेखाणीवाल्याचा फोन आला. ट्रकवाले काट्यावरून हलायलाच तयार नाहीत, परत वजन करा म्हणतात!

सर्वेशनं गुपचूप थांबणं परत घातलं. मागाहून कळलं की त्यानं चार नव्हे, सहा सेकंद घातले.

मारुती हे सगळं ऐकत बसला होता. म्हणाला, "मग त्या परीक्षावाल्यांना बी कुणीतरी सांगा की. माझा कोड तीस सेकंद घेतोय. किती विश्वास ठेवावा त्यावर!"

* * *

सर्वेशचा विषय निघालाच आहे, तर हेही सांगून टाकते.

एकदा त्याचा कंपनीचा प्रोग्राम हळू चालायला लागला. इंटरनेटवरून माहिती आणायची, जुळवायची, परत पाठवायची, असं काहीतरी काम. सकाळी झकास पळायचं, अकरानंतर रांगायला लागायचं. सर्वेशनं दोन रविवार आम्हां तिघांना त्या कामाला जुंपलं. आम्ही मांडणी बदलली, फेऱ्या कमी केल्या, विनायकबाबांनी तर तीनशे ओळींच्या नव्वद केल्या. एका सोमवारी सर्वेशचा फोन आला. "टीचर, धांवता! दिवसभर धांवता!" मी आनंदानं शेजारणीला खोबऱ्याच्या वड्या दिल्या.

गुरुवारी परत रांगायला लागला.

आता काय करावं म्हणून रविवारी आम्ही तिघं त्याच्या घरी मोरजीला गेलो. सर्वेश आम्हांला पडद्यावर आकडे दाखवत होता. त्याची आई खोबरं किसत होती. ती किसणी न थांबवता म्हणाली, "सोमवारी पाव्हणे गेलेले. बुधवारी राती नवे इले. अकरा वाजतां उठतत आणि सगळे फोनार सिनेमा बघतत. तुझा कोड कसो धांवतलो?"

सर्वेशचे बाबा मागच्या चार खोल्या परदेशी पाहुण्यांना भाड्यानं देतात. वायफाय सगळ्यांना मिळून एकच!

"आई, हें तू आदीं सांगूंक नाय?"

"तू माका विचारलंस कधी? तू तर बंगळुराक विचारी होतंस!"

* * *

दुसऱ्यांच्या फजित्या सांगते तर माझीही एक सांगायला हवी. थोडक्यात सांगते, कारण मला अजून राग येतो.

एका रविवारी मी स्वतः कोडं रचलं आणि उत्तर पाकिटात घालून ठेवलं. दोन तास तिघंही झगडले. सर्वेशचं उत्तर एकशेचव्वेचाळीस, विनायकबाबांचं एकशेचव्वेचाळीस, मारुतीचंही एकशेचव्वेचाळीस. मी प्रत्येकाला "चूक, परत बघ!" म्हणून परत पाठवत होते. शेवटी मारुतीनं हळूच विचारलं, "टीचर, रागावणार नसाल तर एक सांगू? पाकिटातलंच चुकलं असंल."

मी रागावले. त्याला सगळं पहिल्यापासून लिहायला लावलं. घरी जाऊन रात्रीचं जेवण करता करता मला माझी चूक दिसली. मंगळवारी बाजारात मारुती भेटला. मी त्याला म्हटलं, "तुझं उत्तर बरोबर होतं. पण तू लिहिलंस ते अक्षर वाईट होतं!"

मारुती कॉम्प्युटरवर लिहितो.

* * *

सर्वेशनं एकदा पेडणे तालुक्याचे सगळे रस्ते प्रोग्राममध्ये घातले. कुठून कुठं जायचं ते सांगा, जवळची वाट मिळेल. त्याची परीक्षा म्हणून आम्ही सहल काढली, तेरेखोलचा किल्ला. प्रोग्राम म्हणाला, केरीला जा, तिथून फेरीबोटीनं पलीकडे. पेडण्याहून सगळं मिळून तासाभराचा रस्ता.

केरीच्या धक्क्यावर पोचलो तर फेरीबोट पलीकडच्या काठाला, आणि मधे नदीत पाणी कमी. धक्क्यावरचा माणूस म्हणाला, "सुकती आसा. भरती येयसर बसा." म्हणजे ओहोटी! दीड तास उन्हात बसलो.

"तुज्या नकाशात न्हंय आसा," विनायकबाब नदीकडे बोट दाखवून सर्वेशला म्हणाले, "पण न्हंयेक पाणी कधी आसता, तें खंय आसा?"

सर्वेश फोनवर भरतीच्या वेळा शोधत होता. मारुती मात्र धक्क्यावर बोटानं चौकोन काढत होता. तिसरी परीक्षा जवळ येत चाललेली, आणि दोन आठवडे त्याला एका कोड्यानं छळलं होतं. वेगवेगळ्या आकाराचे खोके कमीत कमी पेट्यांत कसे बसवायचे? रोज कारखान्यात खोकेच भरणारा माणूस, आणि खोक्यांचंच कोडं सुटेना, याची त्याला लाज वाटत होती.

फेरीबोट आली. रांगेत पुढे सगळ्या स्कूटरी, मागे दोन मोटारी आणि एक टेम्पो. फेरीवाल्यानं शिटी मारली आणि स्कूटरींना हात करून बाजूला केलं. "व्हडल्यो पयलीं! बारक्यो मागीर, खंय बी रिगतल्यो!" टेम्पो घेतला, मोटारी घेतल्या, मग उरलेल्या फटींत स्कूटरी शिरल्या. आम्हीही शिरलो. फेरीबोट सुटली. आणि मागे बघतो तर मारुती धक्क्यावरच!

"मारुती! अरे ये!" आम्ही ओरडत होतो. त्यानं मान वर केली नाही. तो एका जुन्या टायरवर बसून बसच्या तिकिटामागे काहीतरी लिहीत होता.

पुढच्या फेरीनं तो आला. किल्ला समोर, समुद्र खाली, वारा असा की साडी आवरेना. मारुतीनं कशाकडेच बघितलं नाही.

"टीचर, येतील तसे खोके भरायचे न्हाईत. आधी मोठे लावून घ्यायचे, मग बारके आपसूक बसत्यात! मशीनवर आमी तसंच करतोय की हो, मग कोडात का न्हाई केलं मी?"

"केलंस ना आता," मी म्हटलं. "किल्ला कसा वाटला?"

"कुठला किल्ला?"

* * *

आणि मग मार्चमधला तो रविवार. मारुतीची तिसरी परीक्षा. शेवटची.

त्याच्या खोलीवर चौघं राहत, तेव्हा परीक्षा माझ्या क्लासात द्यायचं ठरलं. नियम त्यानं आदल्या रविवारी आम्हांला मोठ्यानं वाचून दाखवले होते. कॅमेरा चालू राहणार. खोलीत दुसरं कोणी नको. जागेवरून उठायचं नाही. उठलं तर दोनदा ताकीद, तिसऱ्यांदा परीक्षा बंद. कायमची.

दहाच्या ठोक्याला त्याला खुर्चीवर बसवलं, पाण्याची बाटली हाताशी ठेवली, दार ओढून घेतलं आणि आम्ही तिघं खाली अनंतबाबांच्या दुकानात येऊन बसलो. अनंतबाबांनी शिलाई मशीन बंद ठेवलं होतं. माझ्या स्वतःच्या मुलाच्या बारावीला मी इतकी घाबरले नव्हते. मुलाला सांगू नका.

वीस मिनिटं झाली असतील. देवळाच्या बाजूनं ढोल ऐकू आला.

शिगमा! मला कसं सुचलं नाही? रोमटाचा मेळ, म्हणजे शिमग्याची मिरवणूक, निघाला होता. चाळीसेक माणसं, ढोल, ताशे, झांजांसारखी कासाळी, निशाणं. दुकानादुकानापुढे थांबत, वाजवत, आमच्याच दिशेनं.

मी रस्त्याच्या मधोमध जाऊन दोन्ही हात पसरून उभी राहिले. सगळ्यांत पुढे मोठा ढोल घेतलेला बाबुसो, माझा जुना विद्यार्थी.

"बाबुसो, थांब! वाजवू नको!"

"टीचर, शिगमो हो! देवाचो ढोल मदींच कसो थांबवचो?"

मी एका दमात सगळं सांगितलं. वर मारुतीची परीक्षा आहे, शेवटची संधी आहे, गडहिंग्लजला बायको आहे, मुलगी आहे, ती बापाला बघून लपते, जूनमध्ये पहिलीला जायचीय. बाबुसोनं घाम पुसला. मागे वळून हात वर केला.

"बंद करा रे! चेडवाच्या शाळेचो प्रश्न आसा!"

ढोलकऱ्यांनी ढोलांवर तळवे ठेवले. कासाळी काखेत गेली. आणि तो सगळा मेळ, निशाणं धरून, गुलालानं माखलेला, चवड्यांवर चालत आमच्या दुकानापुढून जायला लागला! मासे विकणारणीनं ओरडणं थांबवलं. सर्वेश कोपऱ्यावर उभा राहून स्कूटरवाल्यांना इंजिन बंद करून ढकलत न्यायला सांगत होता, आणि लोक नेत होते. पेडण्याच्या बाजारात शिगम्याच्या दिवशी टाचणी पडली तर ऐकू यावी इतकी शांतता. माझे डोळे भरून आले. आपला गाव चांगला आहे, असं मला अगदी मनापासून वाटलं.

सर्वेश आणि मी चवड्यांवरच दुकानात परतलो. आणि वर खुर्ची करकरली.

अनंतबाबांनी छताकडे बघितलं. "उठलो."

ताकीद एक! पण का उठला? पाणी हाताशी आहे, पंखा चालू आहे. आम्ही एकमेकांकडे बघतोय, तोवर पुन्हा खुर्ची. ताकीद दोन! सर्वेशचा चेहरा पांढराफटक. "भियेलो आसतलो, टीचर."

"मी वर जाते," मी म्हटलं.

"वर गेलात तर लगेच परीक्षा बंद!" सर्वेशनं मला अडवलं.

बाहेर मेळही जागच्या जागी थांबला होता. आत विनायकबाब इतका वेळ छताकडे टक लावून बसले होते, ते एकदम ताडकन उठले.

"टीचर, तुमी ताका बुडयलो! कारखान्यातलो माणूस तो! मशीन गप्प झाला म्हणजे कितां? मशीन बंद पडला! ऑपरेटर आदीं उठता, मागीर विचार करता! आमी खाणीर क्रशर चालू आसताना जेवून डुलकी काढी होतों, आणि तो थांबलो की न्हिदेंत उबे! गाव इतको गप्प केल्यार तो बसतलो कसो?"

मी एका पायात चप्पल घालून रस्त्यावर धावले.

"बाबुसो! वाजव!"

"आतां वाजव? आतांच तर तुमी..."

"वाजव म्हणते ना! इथंच उभं राहून वाजव! अंगात आहे तेवढा जोर लावून वाजव!"

"टीचर, एक कितां तें सांगात!" बाबुसो म्हणाला, आणि त्यानं पहिली थाप मारली.

मग जे वाजलं! चाळीस माणसं, एकाच जागी, माझ्या क्लासच्या खिडकीखाली. एक दमला की दुसरा ढोल घ्यायचा. अनंतबाबांच्या फळीवरची रिळं नाचत नाचत खाली पडली. सर्वेशनं आधी कान झाकले, मग एकाच्या गळ्यातला ताशा काढून घेतला. समोरचा औषधवाला दुकानाबाहेर येऊन हातवारे करत होता, त्याला विनायकबाबांनी निशाण धरायला दिलं. मी एका कानानं ढोल आणि दुसऱ्या कानानं छत ऐकायचा प्रयत्न करत होते. खुर्ची पुन्हा करकरल्याचं कोणालाच ऐकू आलं नाही. करकरली असती तरी आलं नसतं!

साडेअकरा वाजले. जिन्यात पावलं दिसली. मारुती खाली येत होता. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. "काय झालं? सुटली का? किती सुटली?" आम्ही तिघं ओरडत होतो, पण त्या आवाजात आमचं आम्हांलाच ऐकू येईना, आणि बाबुसोला आता थांबवणं कोणाच्या हातात नव्हतं.

मारुतीनं आमच्याकडे बघितलंच नाही. तो तसाच आमच्यामधून वाट काढत दुकानाच्या पायरीवर गेला. एका कानाला फोन लावला, दुसऱ्या कानात बोट घातलं, आणि साऱ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला,

"अगं, पोरीचा जन्मदाखला काढून ठेव! ...जन्मदाखला! ...आणि तुझीबी बॅग भर!"